गेल्या आठवड्यात किती दिवस

चंद्रावती ठाकूर पहिल्यांदा समृद्धीसमोर बसल्या ती २०१३ सालची फेब्रुवारीतली एक सकाळ होती. पनवेलमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, बाहेरच्या रुग्णांच्या विभागाशेजारी, पडदा लावून एक खोली केली होती. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि प्रश्नावलीचे गठ्ठे. समृद्धीची नोकरी एवढीच होती: पेशंटला प्रश्न वाचून दाखवायचे आणि ते सांगतील त्या आकड्यावर खूण करायची.

चंद्रावती जासईच्या. वय बावन्न. कातडी कडक होत जाण्याचा त्यांचा आजार, स्क्लेरोडर्मा, दोन वर्षांपूर्वी ओळखू आला होता. बोटं वाकडी होऊन तशीच राहिली होती, चेहरा ओढल्यासारखा गुळगुळीत झाला होता आणि तोंड जेमतेम दोन बोटं मावतील एवढंच उघडायचं. हा आजार नुसता कातडीवर थांबत नाही. अन्ननलिका, आतडी, सगळं हळूहळू ताठरतं. अन्न पुढे सरकत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात, आणि पुढे पुढे शौचावर आवरही राहत नाही.

हे सगळं पेशंटकडून नेमकं काढून घेण्यासाठी परदेशात एक इंग्रजी प्रश्नावली बनली होती. मराठीत तशी काही नव्हती. सांधेरोगाच्या डॉक्टर हेतल देढिया मुलुंडहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या, त्यांनी ती मराठीत आणायचं काम हाती घेतलं होतं. दोघांनी वेगवेगळं भाषांतर केलं, ते एकत्र केलं, मग इंग्रजी मूळ न पाहिलेल्या दोघांकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं आणि ताडून पाहिलं. आता वीस पेशंटना वाचून दाखवायचं, कळतं का ते बघायचं. त्यानंतर साठ जणांकडून भरून घ्यायचं आणि त्याच साठ जणांकडून पंधरा दिवसांनी पुन्हा. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर प्रश्नावली भरवशाची.

समृद्धी ओवे गावची, आगऱ्यांच्या घरातली. एमएसडब्ल्यू झालेली. "आपले बरेच पेशंट गावातले आहेत, तू त्यांची भाषा बोलतेस," असं म्हणून हेतल मॅडमनी तिला घेतलं होतं.

"गेल्या आठवड्यात किती दिवस, शौचालयात पोहोचण्यापूर्वी, तुमची अंतर्वस्त्रे नकळत खराब झाली?" समृद्धीने वाचलं.

"अंतर म्हंजे?"

"आतली. चड्डी."

"एक पन दिस नाय," चंद्रावती म्हणाल्या.

समृद्धीने शून्यावर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे जाणार तोच तिचं लक्ष समोरच्या लुगड्याकडे गेलं. गुडघ्याच्या खाली जेमतेम पोचणारं, मागे कासोटा घट्ट खोचलेलं आगरी लुगडं. तिची आत्याही असंच नेसायची.

"मावशी, तुमी आतून काय घालता का?"

"लुगऱ्याचे आत काय घालाचं असतं बाय? कागद चड्डीचा इचारतंय. मी घालतंच नाय, त खराब कशी होल?"

समृद्धीने पेन खाली ठेवलं. "मग लुगरं खराब होतं का?"

चंद्रावती पडद्याकडे बघत राहिल्या. पलीकडे कोणीतरी नंबर पुकारत होतं. मग त्या म्हणाल्या, "आठवऱ्याचे चार दिस. कवा पाच."

"कधीपासून?"

"पाच वर्सां झाली. डॉक्टरनी कवा इचारलं नाय, मी सांगितलं नाय. घरान पन कोनला ठावं नाय." आणि मग एकदम घाईने, "लिवतंस काय? नाव नको लिवू."

"नाव नाही मावशी. नुसता नंबर. तुमचा सतरा."

त्याच आठवड्यात समितीची बैठक झाली. भाषांतरातलं शुद्ध मराठी पाहायला आशालताबाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका. 'अंतर्वस्त्रे' हा शब्द त्यांचाच. समृद्धीने लुगड्याची गोष्ट सांगितली. आशालताबाईंनी कागद स्वतःकडे ओढला. "अक्षर माझं आहे, मीच खोडते." प्रश्न बदलला: गेल्या आठवड्यात किती दिवस, संडासला पोचायच्या आधीच, नकळत कपड्यांना लागलं?

समृद्धी त्या दिवशी खुशीत घरी गेली. एका शब्दामागे पाच वर्षं लपलेलं दुखणं बाहेर आलं होतं.

मार्चच्या शेवटी चंद्रावतींनी नवी प्रश्नावली भरली. चार दिवस. हेतल मॅडमनी कागद पाहिला, पोट तपासलं. "आतड्यात जंतू वाढले असणार. या आजारात होतं तसं. आधी शौचाची तपासणी करू, पुढच्या वेळी रिपोर्ट बघून अँटिबायोटिकचा कोर्स देते. आवरेल सगळं."

चंद्रावतींनी जाताना समृद्धीला सांगितलं की त्या धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. तांदळाचा चौक मांडायचा, देवांना बोलवायचं, हळदीपासून लग्न लागेपर्यंत एकेक विधीचे धवले, म्हणजे लग्नगीतं, म्हणायचे. उरण-पनवेलच्या गावांत तीस वर्षं चंद्रावतींना आमंत्रणं होती. बसलं की चार-चार तास उठायचं नसतं.

"आता मौसम चालू होल," त्या म्हणाल्या. "तोंड उघरत नाय, पन गला हाय अजून."

एप्रिलच्या मध्यावर त्या दुसऱ्या फेरीला आल्या. समृद्धीने तेच प्रश्न त्याच क्रमाने वाचले. नियम कडक होता. जे छापलंय तेच वाचायचं, वर काही विचारायचं नाही, नाहीतर उत्तरांवर आपला हात पडतो.

पोट फुगलं? शून्य. जुलाब? शून्य. कपड्यांना लागलं?

"एक पन दिस नाय."

समृद्धीने मान वर केली. चंद्रावती ताठ बसल्या होत्या. चेहरा नेहमीसारखाच, ओढलेला. त्यावरून काही कळायचं नाही. "बरं वाटतंय मावशी?" एवढं तिने विचारलं.

"बरा हाय."

हेतल मॅडमनी कागद पाहून भुवया उंचावल्या. "अरे वा! रिपोर्टमध्येही फार काही नाही. मग कोर्स कशाला उगाच? पुढच्या महिन्यात पाहू." बाहेर पंचेचाळीस पेशंट बसले होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात हितेशचा फोन आला. तो आकडेवारीचं काम बघायचा. "तुमच्या सतरा नंबरने घोळ केलाय. चाराचं डायरेक्ट शून्य. पंधरा दिवसांत, औषध न बदलता, एवढं कोण बरं होतं? काढून टाकू का? एका पेशंटने सगळा हिशेब बिघडतो."

"थांब, मी केसपेपर बघते."

केसपेपरवर नर्स दर वेळी वजन लिहायची. प्रश्नावलीत वजनाचा रकाना नव्हता, म्हणून समृद्धीने ते कधी पाहिलंच नव्हतं. फेब्रुवारीत एकोणचाळीस. मार्चच्या शेवटी सदतीस. एप्रिलच्या मध्यावर तेहतीस.

मग तिने जासईला फोन लावला. चंद्रावतींचे यजमान महादेव एका कंटेनर यार्डात पहारेकरी होते. ते म्हणाले, "ती गव्हानला गेलीय. लगीन हाय. काल बेलपाऱ्याला होती. रोजच हाय आता."

"काका, त्या जेवतात का?"

"लगनाचे घरी जेवून येते. घरान काय खात नाय ती, पोट भरलंय बोलते."

समृद्धीने वाटेत केमिस्टकडून ग्लुकोजचं पाकीट घेतलं आणि सहा आसनी रिक्षात बसली. उरण रस्त्यावर ट्रेलरची रांग लागली होती. गव्हाणला पोचेपर्यंत अकरा वाजले. मांडवात माणसं कोंडली होती, पंखे गरम वारा फेकत होते. मधोमध तांदळाचा चौक, आणि पाटावर दोन धवलारणी. एक गुणाबाई, जाडजूड, मोठ्या आवाजाची. दुसऱ्या चंद्रावती. लुगड्यात नुसती हाडं बसल्यासारखी दिसत होती. पण आवाज लागला होता. बारीक, ताणलेला, कुठेही न तुटणारा. गुणाबाई मागून ओढत होत्या आणि चंद्रावती पुढे जात होत्या.

एक विधी आटपला तशी समृद्धीने त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. तिथे तांदळाची पोती आणि केळीचे घड ठेवले होते. हात बर्फासारखा गार होता.

"मावशी, तुम्ही शेवटचं कधी जेवलात?"

"सकाली."

"खोटं. घरी सांगता लग्नात जेवले, लग्नात काय सांगता? घरी जेवून आले?"

चंद्रावती पोत्यावर बसल्या. चोरी पकडल्यासारखं त्यांचं तोंड झालं नाही. उलट समजावून सांगावं तशा त्या बोलू लागल्या. "यो बग बाय. मना कललंय आता. पोटान कायच नसलं त येल कुठशी? लगनाचे आदी दोन दिस खायाचं नाय. पानी पन घोटभर. मंग चार तास बसले तरी काय नाय होत. आता लगनां रोजची हायेत, त रोजच खायाचं नाय. मौसम संपला का खाईन."

"पण तुम्ही मला सांगितलंत एक पण दिवस नाही..."

"खरंच सांगितलं. एक पन दिस नाय लागलं. तुजे कागदानी तेच इचारलं व्हतं ना?"

उत्तर खरं होतं. तिनेच त्यावर खूण केली होती, त्या खुणेवर गोळ्या थांबल्या होत्या.

"आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चला."

"लगीन लागू दे. मंग कुठं पन ने."

"मग हे तरी प्या. नुसतं साखरेचं पाणी आहे. नाहीतर पडाल तिथेच."

"नको. मना ठावं हाय काय होल ते."

"अर्धा ग्लास. माझ्यासाठी."

त्या नको नको म्हणत राहिल्या. समृद्धीने ग्लास त्यांच्या ओठांशी धरला. तोंड एवढंसं उघडत होतं, पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. एकदा घोट गेल्यावर मात्र चंद्रावतींच्या शरीरानेच तो ग्लास ओढून घेतला. अर्धा नाही, सगळा प्यायल्या. डोळे मिटून. मग पदराने तोंड पुसून त्या परत मांडवात गेल्या.

वीसेक मिनिटं झाली असतील. वराला चौकावर आणलं होतं, बायका भोवती दाटल्या होत्या. समृद्धी खांबाला टेकून उभी होती. चंद्रावतींचा आवाज मधेच थांबला. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, गुडघे उचललेच नाहीत. समोर बसलेल्या बायका आधी एकमेकींकडे बघू लागल्या, मग मागे सरकल्या. पाटाखालून पाण्यासारखं वाहत चौकाच्या तांदळात गेलं. वास पंख्याने सगळीकडे नेला.

गुणाबाईंनी गाणं थांबवलं नाही. उलट आवाज चढवला आणि गाता गाताच खांद्यावरची मानाची शाल काढून चंद्रावतींच्या कमरेभोवती टाकली. पण नवऱ्यामुलाची चुलती ओरडली, "चौक बाटला! चौक बाटला!" आणि मग सगळ्यांनीच पाहिलं. कुणीतरी लहान मुलांना बाहेर काढलं. चंद्रावती तेवढ्यात आडव्या झाल्या होत्या. समृद्धी धावली. त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "बोलले व्हते ना तुला."

वऱ्हाडाच्या एका गाडीत मागे प्लास्टिक अंथरून त्यांना पनवेलला आणलं. रक्तातलं पोटॅशियम इतकं खाली गेलं होतं की हृदय केव्हाही थांबलं असतं. वजन एकतीस. हेतल मॅडम त्या दिवशी मुलुंडला होत्या. त्या गाडी काढून आल्या. अतिदक्षता विभागाच्या दाराशी समृद्धीने त्यांना सगळं सांगितलं. पाकीट, ग्लास, मांडव. सांगताना तिला हुंदका आवरेना.

"गप," मॅडम म्हणाल्या, आणि मग हळू आवाजात, "तू पाणी पाजलंस म्हणून ती जिवंत पोचली असेल. किंवा नसेलही तसं. मला माहीत नाही. पण शून्य मीसुद्धा वाचलं ना? वजन समोरच्या केसपेपरवर होतं. वाचलं नाही. कागदावर बरं दिसलं की सुटल्यासारखं वाटतं ग आपल्याला."

उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम खायला घालता येत नाही. नाकातून नळी घालून थेंब थेंब सुरुवात केली. चौथ्या दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं. दहा दिवसांचा कोर्स. सातव्या दिवशी जुलाब थांबले. पाच वर्षं जे चाललं होतं, ते एका आठवड्यात आवरलं. नर्सने आनंदाने ही बातमी दिली तेव्हा समृद्धी जिन्यात जाऊन बसली. मार्चमध्ये दिल्या असत्या त्या गोळ्या. एप्रिलमध्ये दिल्या असत्या.

ती वॉर्डात गेली तेव्हा चंद्रावतींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नळी गालावर चिकटपट्टीने लावलेली होती. महादेव स्टुलावर बसले होते. ते तिला बाहेर घेऊन गेले.

"मना ठावं व्हतं," ते म्हणाले.

"काय काका?"

"लुगऱ्याचा. पहाटचे उठून धुवाची ती. एकाच घरान ऱ्हातंय आमी. मना ठावं कसं नसल? ती सांगत नाय, त मी कशाला बोलू? तिची लाज तिला ऱ्हावदे, असं बोललो मनान." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर दाबला. "पाच वर्सां गप बसलो मी."

जूनमध्ये समिती पुन्हा बसली. समृद्धीने एक प्रश्न लिहून आणला होता: गेल्या आठवड्यात किती दिवस, पोटाचा त्रास होऊ नये म्हणून, तुम्ही जेवण टाळलं?

आशालताबाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. "एकही शब्द बदलू नका," त्या म्हणाल्या.

पण हितेशने मान हलवली. भाषांतरात नवा प्रश्न घालता येत नाही. तसं केलं तर ती प्रश्नावलीच वेगळी होते. जगातल्या इतर भाषांशी ताडता येत नाही. परवानगीही मिळणार नाही. हेतल मॅडमनी मूळ प्रश्नावली करणाऱ्यांना पत्र लिहायचं ठरवलं आणि खरोखरच लिहिलं. उत्तर सौजन्याचं आलं. सूचना नोंदवून घेतली आहे. सतरा नंबर पुनर्चाचणीतून वगळला गेला. बाकीची उत्तरं छान जुळली.

समृद्धीने त्यावर वाद घातला नाही. मात्र तेव्हापासून ती शेवटच्या प्रश्नावर खूण करून कागद बाजूला ठेवायची, पेनाला टोपण लावायची आणि मग तोंडी विचारायची, "आणि त्रास होऊ नये म्हणून जेवण सोडता का?" पुढच्या अकरा जणांपैकी चौघांनी हो म्हटलं. त्यात एक कॉलेजातली मुलगी होती. ती परीक्षेच्या दिवसांत फक्त बिस्किटांवर राहायची आणि पावणेदोन वर्षं हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. समृद्धी प्रत्येकाचं वजन चिठ्ठीवर लिहून केसपेपरच्या वर टाचणी लावून मॅडमच्या टेबलावर ठेवायची. मॅडम बाकीचं सोडून आधी ती चिठ्ठी वाचायच्या.

चंद्रावती डिसेंबरात आल्या. तुळशीची लग्नं होऊन गेली होती, गावागावांत मांडव पडायला लागले होते. महादेवांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि ते बाहेर थांबले. वजन बेचाळीस. नळी कधीच निघाली होती. आजारामुळे थोड्या थंडीनेही बोटं निळी पडली होती, त्यावर त्यांनी मुलाचे जुने लोकरी मोजे चढवले होते. मेपासून त्या समृद्धीशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"मावशी, कागद भरायचाच असं नाही," समृद्धी म्हणाली.

"इचार. बसलंय ना मी."

पोट फुगलं? एक दिवस. जुलाब? नाही. कपड्यांना लागलं? नाही. "आनि खातंय मी," त्यांनी आपणहून सांगितलं. "दोन टाइम भाकर, मासली. भायेर हायेत, त्यांना इचार."

पुढचा भाग मनाचा होता. "गेल्या आठवड्यात किती दिवस, पोटाच्या त्रासामुळे, तुम्हाला उदास वाटलं?"

"सात."

समृद्धी थांबली. "पण पोट तर बरं आहे ना आता?"

"पोट बरा हाय. लगनाचा बोलावनं नाय कोनचा. एक पन नाय. गव्हानचा सगल्यांना कललंय. गुनाबाय आलती, बोलली चल माज्यासंगं, नुसती बस बाजूला. बाया उठून जातील, मी बोलले. ती गप ऱ्हायली. मंग गेली." त्यांनी मोज्यातल्या बोटांनी टेबलाची कड धरली. "तवा उपाशी व्हते, पन गात व्हते. आता जेवून घरान बसतंय. तू सांग, काय लिवशील ते लिव."

"माझं चुकलं मावशी. मी ग्लास धरायला नको होता."

"मना तवाच मरू दिलं असतं त गाता गाता मेले असते." हे त्या रागाने बोलल्या नाहीत, बाजारातला भाव सांगावा तशा बोलल्या. मग त्या पुढे म्हणाल्या, "पन तुजा पन काय. पोरगी हायस तू. मना तहान लागली व्हती, मीच पिले. सगला पिले."

समृद्धीला रडू आलं तसं चंद्रावतींनी टेबलावर मोज्याने टकटक केलं. "लिव, लिव. भायेर मानसा बसलीत."

समृद्धीने सातावर खूण केली. पोटामुळे की आणखी कशामुळे, हे वेगळं सांगायला कागदावर जागा नव्हती.

"झाले काय सगले?"

"दोन राहिलेत."

"इचार मंग," चंद्रावती म्हणाल्या आणि खुर्चीत सरळ बसल्या.